दारामागची भिंत

आक्काबाई : ताट वाजवलं? जेवायचं ताट?

निवृत्ती : पितळी हाय, आवाज खणखणीत येतो. शाळेत टोल टांगलेला असतो, घरी काय टांगणार? सहा वाजले की एक ठोका, गणित. पस्तीस मिनिटांनी दोन ठोके, मराठी. मधी पाच मिनिटं पाणी प्यायची सुट्टी. आमच्या गायधनी सरांकडून लाल-निळ्या शाईत टाईमटेबल लिहून आणलं आणि भिंतीला चिकटवलं. हेडसरांना विचारून मोडका बाक आणला, पाय ठोकून सरळ केला, बरोब्बर दिव्याखाली ठेवला. अजून काय करायचं माणसानं?

आक्काबाई : आणि विशाखा काय करते?

निवृत्ती : ठोका पडला की येऊन बसते. पुस्तक उघडते. दोन ठोके पडले की ते मिटते, दुसरं उघडते. दोन महिने मी खूश. पोरगी अभ्यास करते म्हणून शाळेत सांगत होतो. आणि आज तिच्या बाईंनी बोलावून घेतलं.

आक्काबाई : काय म्हणाल्या?

निवृत्ती : चाचणीचा पेपर समोर ठेवला. वर नाव, तुकडी, तारीख, अक्षर मोत्यासारखं. खाली कोरा. भूगोलाची वही तर जूनपासून कोरी, एक नकाशा नाय. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, निवृत्तीराव, मुलगी हुशार आहे, पण तिला सुरुवातच करता येत नाही. सातवीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासाला दहाच मुली घेतल्यात, बाहेर वीस वाट बघतायत. शनिवारपर्यंत चार नकाशे काढलेली वही आली तर नाव ठेवते, नाय तर मला कमी करावं लागेल.

आक्काबाई : आज बुधवार.

निवृत्ती : म्हणून तर शेजारी तुमच्या दारात आलो. आक्का, बावीस वर्षं झाली मला शिपाई होऊन. पाचशे पोरं माझ्या एका ठोक्यावर खाली बसतात. घरातलं एक बसंना.

आक्काबाई : ती ठोक्यानं बसत नाहीत भाऊ, छडीच्या भ्यानं बसतात. ठोका नुसता सांगतो, छडी येतेय म्हणून. बसा त्या पाटावर. मी मेथी निवडते, तुम्ही बोला.

निवृत्ती : बोलायला नाय आलो, विचारायला आलो. चांगुणा कशी बसवायची तिला?

आक्काबाई : हे मला विचारताय? नवरा तुम्ही.

निवृत्ती : नवरा होतो, पण घरी कुठं होतो? दिवसभर ही शाळा, साडेसहाला रात्रशाळा. तिथंबी घंटा माझ्याकडंच. दहाला घरी यायचो तेव्हा पोरगी झोपलेली आणि चांगुणा ताट झाकून बसलेली. फेब्रुवारीत ती गेली, मार्चात मी रात्रशाळा सोडली. आता संध्याकाळचा घरी असतो तर घर असं असतं हे पहिल्यांदा बघतोय.

आक्काबाई : दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्यांची पोरं शिकवायला दोन-दोन शाळा.

निवृत्ती : बोला तुम्ही, तुमचा हक्क हाय. पण चांगुणाला तर सहीसुद्धा येत नव्हती. अंगठा लावायची. तिच्या हाताखाली ही पोर चौथीत पहिली, पाचवीत पहिली. आणि मी सातवी पास, माझ्या हाताखाली कोरा पेपर. सांगा की, ती काय करायची?

आक्काबाई : करायची काय, बसायची. पोरगी शाळेतनं आली की तिला खायला द्यायची. मग स्वतः सूप घेऊन खाली बसायची, दाराच्या मागं, तिथं वारा लागत नाही ना. आमच्या दोघींच्या माहेरून, घोटीहून, तांदूळ यायचा, त्यातले खडे निवडायची. लय खडे असायचे. कधीकधी नसायचे तरी निवडायची. आणि विचारायची, आता पहिलं काय?

निवृत्ती : एवढंच?

आक्काबाई : एवढंच. पोरगी म्हणायची गणित. ही म्हणायची, किती? पोरगी म्हणायची, पाच. ही म्हणायची, आणि मग? मग मराठी. आणि मग? असं सगळं पोरीच्या तोंडनं काढून घ्यायची. आपण एक शब्द सांगायची नाही. सांगणार काय, तिला ठाऊक कुठं होतं? मी एकदा म्हटलं, अगं चांगुणे, तुला यातलं ओ का ठो कळत नाही, विचारतेस कशाला? तर म्हणाली, मला नाही कळत म्हणूनच तिला नीट सांगावं लागतं.

निवृत्ती : हे मला कधी बोलली नाय.

आक्काबाई : तुम्ही विचारलं नाही.

निवृत्ती : नाय विचारलं. मी विचारायचो, भाजी काय?

आक्काबाई : तुम्हाला आठवतं का, बुद्धपौर्णिमेला आपण लेणीवर गेलो होतो सगळी? विशाखा पाच वर्षांची असंल. पाचव्या पायरीवर बसकण मारली. वर बघितलं आणि रडायला लागली, एवढं नाही चढणार म्हणून.

निवृत्ती : आठवतं. मी म्हटलं, खांद्यावर घेतो.

आक्काबाई : आणि चांगुणानं घेऊ दिलं नाही. म्हणाली, लेणीवर जायचंच नाही आपल्याला. फक्त त्या झाडापर्यंत जायचं. तिथं गेल्यावर म्हणाली, आता त्या दगडापर्यंत. अशी वरपर्यंत नेली. अभ्यासाचंही तेच. पोरगी म्हणायची, आई, आख्खा धडा आहे. ही म्हणायची, धडा राहू दे, त्या झाडापर्यंत किती होतं ते सांग.

निवृत्ती : मग मीबी विचारलं की. काल विचारलं, आता काय करणार? तर पुस्तकाचं पान उलटलं तिनं. परवा बाकावरनं उठून दाराच्या मागं जाऊन बसली, भिंतीकडं तोंड करून. जूनमधी वर्ल्डकपच्या दिवशी अख्खी गल्ली रेडिओला चिकटली होती, फटाके फुटले, ही तिथंच. मला वाटलं रुसलीय. हाताला धरून उठवली आणि बाकावर बसवली. दिवा तिकडं, आणि ही अंधारात कशाला बसते?

आक्काबाई : दाराच्या मागं बसते?

निवृत्ती : रोज. मी वळलो की तिथं.

आक्काबाई : अहो, मग बसू द्या की. तिथंच तर सगळं आहे.

निवृत्ती : काय हाय तिथं?

आक्काबाई : तिच्या आईचं लिहिलेलं.

निवृत्ती : आक्का, तिला लिहिता येत नव्हतं.

आक्काबाई : अक्षर येत नव्हतं. शेगडीतला कोळसा घ्यायची आणि भिंतीवर काढायची. गणिताला हाताचा पंजा. मराठीला पोपटाची चोच. इतिहासाला तलवार. भूगोलाला गंगा, अशी वळणावळणाची. इंग्रजीला नुसता भोपळा, म्हणायची, यातलं मला काहीच दिसत नाही. पोरीनं गणितं पाच सांगितली की पंजापुढं पाच रेघा. एक झालं की पोरीनं उठायचं आणि आपल्या हातानं एक रेघ खोडायची. चांगुणा कधी खोडायची नाही. राहिलं ते भिंतीवर राहायचं, सकाळी दार लावलं की समोर. म्हणायची, डोक्यात ठेवलं की डोक्याला ओझं, भिंतीला कसलं ओझं? दाराच्या मागची अख्खी भिंत भरली होती हो. दोन वर्षांचं होतं, जयंतीचा चुनाही ती तेवढी जागा सोडून मारायची. तुम्ही बघितलं असंल की.

निवृत्ती : मी चुना मारला.

आक्काबाई : काय?

निवृत्ती : एप्रिलात. जयंतीला. अख्ख्या कॉलनीनं घरं रंगवली, चौदा तारखेला दारात पाहुणे येणार. दोन महिन्यांपूर्वी बायको गेली म्हणून घर असंच काळं ठेवलं तर लोक काय म्हणतील? आणि तिलाच जयंतीला घर स्वच्छ लागायचं. दरवर्षी चुना तीच कालवायची, तीच मारायची. मी म्हटलं, औंदा तिच्या वाटचं मी करतो. दाराच्या मागं कोळशाचं बरबटलेलं होतं. मला वाटलं, शेगडीचा धूर, पोरीची रेघोट्यांची खोड. दोन हात दिले. तरी दिसत होतं म्हणून तिसरा दिला.

आक्काबाई : पोर कुठं होती?

निवृत्ती : बादली धरून उभी होती.

आक्काबाई : आणि काही बोलली नाही?

निवृत्ती : एकदा बोलली. आबा, दारामागचं राहू द्या, कोण बघतंय? मी म्हटलं, काम अर्धवट टाकू नये, तुझ्या आईला आवडलं नसतं.

आक्काबाई : देवा रे.

निवृत्ती : मला ठाऊक नव्हतं, आक्का.

आक्काबाई : नव्हतं. चांगुणाचा हात होता तो, आणि तुमच्या हातानं गेला. तुमचा गुन्हा नाही, पण गेला. उठा आता. इथं बसून माझी मेथी खारट होईल. घरी जा.

निवृत्ती : जाऊन काय सांगू तिला?

आक्काबाई : सांगू नका. चांगुणानं कधी काय सांगितलं? विचारा.

(थोड्या वेळानं, निवृत्तीच्या खोलीत. दार लोटलेलं.)

विशाखा : आबा, उलथनं कशाला घेतलंय?

निवृत्ती : काही नाय. चुना कुठं सुटतो का बघत होतो.

विशाखा : खाली काही नाहीये.

निवृत्ती : कशावरून?

विशाखा : मी पाहिलंय. बिजागरीजवळ, ते नखाएवढं दिसतंय ना, ते मी खरवडलंय. कंपासच्या टोकानं. मे महिन्यात तुम्ही शाळेत बाकं रंगवायला जात होतात तेव्हा. कोळसा चुन्यालाच चिकटून येतो. आधी पांढरं, मग करडं, मग माती लागते. म्हणून थांबवलं.

निवृत्ती : मला सांगायचं नाय का?

विशाखा : सांगितलं होतं.

निवृत्ती : एकदाच सांगितलंस, बाळा. तेबी हळू.

विशाखा : तुम्ही म्हणालात, आईला आवडलं नसतं. मग काय बोलणार?

निवृत्ती : आक्कानं सांगितलं मला आज. पंजा, पोपट, गंगा. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धूर समजलो मी.

विशाखा : मला माहीत आहे तुम्हाला माहीत नव्हतं. मी चिडले नाहीये. तुम्हाला वाटतं मी रुसून इथे बसते. नाही.

निवृत्ती : मग का बसतेस?

विशाखा : बाकावर बसलं की काय करायचं ते आठवतच नाही. सगळं एकदम येतं. गणित पण, नकाशे पण, स्कॉलरशिप पण. मग तुम्ही ताट वाजवता आणि जे आलेलं असतं ते पण जातं. इथे बसलं की थोडं आठवतं. कुठे पंजा होता, कुठे तलवार होती. दाराची कडी टेकते त्याच्या खाली गंगा. पण आठवण्यातच वेळ जातो.

निवृत्ती : शेवटी काय होतं भिंतीवर?

विशाखा : कधी शेवटी?

निवृत्ती : तिला दवाखान्यात नेलं तेव्हा.

विशाखा : कशाला विचारता?

निवृत्ती : मला बघायला मिळालं नाय, म्हणून विचारतो.

विशाखा : मंगळवार होता. बाकी सगळं खोडून झालं होतं. भूगोलाच्या पाच रेघा होत्या, पाच नकाशे. दोन काढले होते. तीन राहिले होते. तुम्ही पुढे पिशवी घेऊन गेलात ना, तेव्हा रिक्षात बसताना आईनं मला विचारलं, किती राहिले? मी म्हटलं, तीन. म्हणाली, मी आले की खोडू.

निवृत्ती : मग?

विशाखा : मग मी काढलेच नाहीत.

निवृत्ती : सहावीची परीक्षा त्या नकाशांवाचून दिलीस?

विशाखा : हो. काढले असते तर खोडावे लागले असते. एकटीला.

निवृत्ती : विशाखा, ती यायची नव्हती, बाळा.

विशाखा : मला कळतं, आबा. मी काय लहान आहे? मी होते ना तिथे सगळ्याला. पण भिंतीवर तीन रेघा होत्या. त्या होत्या तोवर तिचं एक काम राहिलं होतं आपल्या घरात. मी शाळेतून आले की आधी दार लावून बघायचे. तीन आहेत. मग बरं वाटायचं. मग तुम्ही चुना आणलात.

निवृत्ती : रडू नको म्हणत नाय मी. मलाबी येतंय.

विशाखा : तुम्ही कधी रडला नाहीत.

निवृत्ती : शाळेत रडतो. टोलाच्या खोलीत. पोरं वर्गात गेली की तिकडं कोणी येत नाय. मला लय आठवण येते तिची. आणि खरं सांगू, मला जिची आठवण येते ती दहा वाजताची चांगुणा. दमलेली, ताट झाकून बसलेली. ही तुझी चांगुणा, सूप घेऊन इथं बसणारी, पोपटाची चोच काढणारी, ही मला भेटलीच नाय. तिला तुझ्याबरोबर एकदा बघायला मिळालं असतं, एक संध्याकाळ. मी तिथं दुसऱ्यांच्या पोरांची घंटा वाजवत होतो.

विशाखा : तुमची घंटा इकडे ऐकू यायची. वारा असला की. आई म्हणायची, ऐक, आबांचा दुसरा तास झाला. आता आणखी एवढा तांदूळ निवडला की येतील.

निवृत्ती : असं म्हणायची?

विशाखा : रोज.

निवृत्ती : तू जरा सरक. हा बाक मी उद्या बाहेर ठेवतो, आक्काला भाजी ठेवायला होईल. ताट मांडणीत जाऊ दे, जेवायला. आणि शेगडीत कोळसा हाय का बघ, विझलेला.

विशाखा : कशाला?

निवृत्ती : आण तर.

विशाखा : भिंत खराब होईल. चुना नवा आहे.

निवृत्ती : होऊ दे. पुढच्या जयंतीला चुना मी मारीन. दाराच्या मागची एवढी जागा सोडून. कुणी पाहुण्यानं विचारलं तर सांगीन, हा आमचा फळा हाय.

विशाखा : आमचा फळा.

निवृत्ती : आमचा फळा. बघ, आता शिपायाला शिकव. गंगा कडीच्या खाली म्हणालीस ना? ही बघ. झाली का?

विशाखा : नाही. तुम्ही डावीकडून सुरू केलीत. आई दाराकडून सुरू करायची आणि कोपऱ्यात न्यायची. तिचा उजवा हात सुपात असायचा ना, म्हणून डाव्या हातानं काढायची. म्हणून ती अशी पडल्यासारखी दिसायची.

निवृत्ती : डाव्या हातानं मला कोळसा धरता येत नाय.

विशाखा : तिला पण येत नव्हता आधी.

निवृत्ती : आता बघ. ही पडल्यासारखी झाली का?

विशाखा : झाली. थोडी जास्तच पडली.

निवृत्ती : पुढं रेघा किती? बाईंना शनिवारी वही द्यायची हाय, सातवीचे चार नकाशे. चार काढतो.

विशाखा : सात काढा.

निवृत्ती : सात? सहावीचे तीन आता कोण मागणार हाय? ती वहीबी कुणी बघणार नाय.

विशाखा : आईनं विचारलं होतं, किती राहिले. मी तीन सांगितलेत.

निवृत्ती : तीन दिवसांत सात नकाशे होतील का गं? तुझं नाव जायला नको तिथनं. त्या वर्गासाठी ती स्वतः बाईंना भेटून आली होती, डिसेंबरात, ताप असताना.

विशाखा : असं नाही म्हणायचं, आबा. शनिवार म्हटलं की सगळं एकदम येतं.

निवृत्ती : मग कसं म्हणू?

विशाखा : त्या झाडापर्यंत.

निवृत्ती : बरं. या सात झाल्या. मोज.

विशाखा : सात.

निवृत्ती : आता पहिलं काय?

विशाखा : तसं नाही. आधी खाली बसा. आई उभ्यानं कधी विचारायची नाही.

निवृत्ती : बसलो. सूप घेऊ का?

विशाखा : घ्या. डब्यात तांदूळ आहे. खडे नाहीत त्यात, पण घ्या.

निवृत्ती : घेतलं. विचारू?

विशाखा : विचारा.

निवृत्ती : आता पहिलं काय?

विशाखा : भूगोल.

निवृत्ती : किती?

विशाखा : एक. आईच्या तीनातला पहिला.

निवृत्ती : आणि मग?

विशाखा : मग रेघ खोडेपर्यंत उठायचं नाही.

निवृत्ती : तू?

विशाखा : तुम्ही.